‘ऐकत नाही’ असा शेरा

अब्बा,

आज रविवार. शाळेला सुट्टी आहे आणि मी चावडीच्या माडीवर, माझ्या वर्गात, एकटीच बसले आहे. हे गाव तुम्ही पाहिलेलं नाही. शिरूर तालुक्यातलं लहान गाव. तळेगावच्या बाजाराला इथली माणसं सकाळी गाडी जुंपून जातात आणि दिवस कलायच्या आत परत येतात. शाळेला खोल्या पुरत नाहीत म्हणून दुसरीचा वर्ग चावडीच्या माडीवर भरतो. जमीन लाकडी फळ्यांची आहे. एक पोर उठून पाणी प्यायला गेलं तरी सगळ्या वर्गाच्या मांड्यांना कळतं. खाली तलाठी बसतात, ते आठवड्यातून एकदा तरी वर निरोप पाठवतात, "बाई, पोरांना जरा हळू चालवा, माझ्या दप्तरावर माती पडतीया."

तुम्हाला वाचता येत नव्हतं. राहू गावाहून काकांचं कार्ड आलं की मीच वाचून दाखवायची आणि तुम्ही माझ्या तोंडाकडे एकटक बघत बसायचात. लोकांना वाटायचं, बापाला लेकीचं किती कौतुक. कौतुक होतंच, पण तुम्ही माझे ओठ वाचत होतात, हे अम्मीला आणि मलाच माहीत होतं. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. हे पत्र पोचणार कुठं आणि तुम्हाला वाचून दाखवणार कोण, हे मला कळतं. तरी लिहिते आहे. गेल्या वर्षी शाळेच्या कागदावरची माझी एक चुकीची नोंद मी दुरुस्त केली, आणि ती करताना खालून दुसरी एक जुनी नोंद वर आली. ती तुमच्याशिवाय कोणाला सांगून उपयोग नाही.

दौंडची आपली रेल्वेची खोली मला अजून तशीच्या तशी दिसते. शेडचा भोंगा होतो आणि अम्मी कोळशाच्या शेगडीवर चहाचं आधण ठेवते. तुम्ही येता, हातपाय धुता आणि खाटेवर बसता. कपड्यांना तेलाचा आणि तापल्या लोखंडाचा वास असतो. दिवसभर तुम्ही इंजिनाच्या बॉयलरच्या पोटात बसलेले असता. बाहेरून घण पडतो आणि आतून तुम्ही रिवेटला टेकू देऊन धरता. आत कसं वाटतं, असं मी एकदा विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "घंटंच्या पोटात बसल्यावानी. फकस्त वाजिवनारा थांबत न्हाई." अम्मी चहा घेऊन येते, हाक मारते. तुम्ही बघत नाही. ती पुन्हा हाक मारते. मग पायानं खाटेच्या पायाला एक धक्का देते. तो खाटेतून तुमच्या अंगाला पोचतो आणि तुम्ही लगेच वळता, हसून, जणू पहिल्याच हाकेला वळलात. "तेरे अब्बा किसीका सुनते नै," अम्मी मला म्हणते. तुम्ही तिचे ओठ पाहता आणि म्हणता, "हौ, लाथ का सुनता हूँ." मग तिघंही हसतो. हा आपल्या घरातला रोजचा विनोद. सुनते नै. ऐकत नाहीत. जो कुणाला जुमानत नाही त्यालाही तेच म्हणायचं आणि ज्याचे कान गेले त्यालाही तेच. लहानपणी मला या दोन्हींत काही फरक करायचा असतो असं कधी वाटलं नाही. हसायला मिळत होतं, तेवढं पुरे होतं.

अम्मीशी तुम्ही घरच्या बोलीत बोलायचात, पण मी शाळेत जायला लागल्यापासून माझ्याशी मराठीत. "साळंत मराठी, तर बापासंगं बी मराठी. न्हाईतर माजं शिकनं कसं व्हनार?" मी सांगायची, न्हाई नाही अब्बा, ‘नाही’. तुम्ही माझ्या ओठांकडे बघत "ना-ही" असं नीट म्हणायचात आणि पुढच्याच वाक्यात पुन्हा "न्हाई". आपल्या घराण्यात शाळेची पायरी चढलेली मी पहिली. काका राहूहून आले की तुम्हाला डिवचायचे, "पोरीला शिकवून काय इंजन चालवायला लावनार का?" तुम्ही म्हणायचात, "इंजन न्हाई. इंजनवाल्यांच्या पोरांना शिकवायला लावनार."

शेडमध्ये तोंडानं बोलून उपयोग नसे, म्हणून तुम्हा लोकांची हाताची बोली होती. ती तुम्ही मला शिकवलीत. अंगठा ओठांकडे नेला म्हणजे चहा. दोन बोटं कपाळाला आडवी म्हणजे साहेब आला. दोन्ही तळवे एकमेकांवर झटकले म्हणजे काम झालं. आणि जड पत्रा दोघांनी उचलताना एकानं मूठ आवळून छातीशी नेली म्हणजे: मी धरलंय, सोडत नाही. परीक्षेला निघाले की तुम्ही दारातून मला ती मूठ दाखवायचात. वर्गात पेपर हातात आला की मी बाकाखाली माझी मूठ आवळून बघायची. गणिताला तिचा काही उपयोग झाला नाही, पण पेपर लिहायला सुरुवात व्हायची.

तुम्ही मला एकदाच रागावलात. मी चौथीत होते. वहीत एक उत्तर चुकलं होतं आणि गुरुजी लाल रेघ मारतील या भीतीनं मी तुमच्या दाढीच्या पात्यानं ते खरवडलं. कागदाला भोक पडलं. तुम्ही वही उजेडाला धरलीत, भोकातून माझ्याकडे बघितलंत, आणि मला वाटलं आता हसाल. पण तुमचा आवाज चढला. तुमचा आवाज आधीच मोठा, स्वतःला ऐकू येत नसल्यानं. त्या दिवशी सगळ्या चाळीनं ऐकलं असेल. "भोक पाडून चूक जात न्हाई! चूक दडती आन् भोक ऱ्हातं, आन् समद्यांना त्येच दिसतं. आमी खराब रिवेट काढतो, तर कुठला काढला ती जागा खडूनं दावून ठिवतो. साहेबाला कळाय पायजे, हितं चुकलं व्हतं, हितं नवा घातलाय." मी रडले. संध्याकाळी तुम्ही मला नवी वही आणून दिलीत, आणि जुनी फेकू दिली नाहीत.

त्याच वर्षी तो कागद आला. पण आधी शेजारच्या खोलीतल्या चाचांचं सांगायला हवं. त्यांचे डोळे रेल्वेच्या तपासणीत अधू निघाले आणि त्यांना शेडमधून काढून सोलापूरच्या अंगाला कुठल्याशा फाटकावर पाठवलं. नोकरी राहिली, पण खोली गेली. त्यांची मुलगी माझ्याबरोबर शाळेत यायची. फाटकापासून शाळा किती कोस होती कोण जाणे. ती जाताना तिची पाटी मला देऊन गेली. "मेरेकू अब क्या करनेकी," म्हणाली. ती पाटी मी कोनाड्यात ठेवली होती, तुम्हाला आठवत असेल. मग तुमच्या तपासणीचा कागद आला. छपाई इंग्रजी, पण शेडच्या कारकुनानं प्रत्येक ओळीखाली पेन्सिलीनं मराठीत लिहून दिलं होतं, घरून भरून आणा म्हणून. मी भरायला बसले. वय. दम लागतो का. डोळ्यांना दिसते का. कानांना ऐकू येते का. तुम्ही म्हणालात, "लिही, येते." मी लिहिलं, येते. अक्षर चांगलं आलं होतं. तुम्ही खाली अंगठा उठवलात. पुढे डॉक्टरांनी तुम्हाला समोर बसवून विचारलं, तुम्ही ओठ वाचून उत्तरं दिलीत, आणि घरी येऊन दारातूनच दोन्ही तळवे झटकलेत.

रेल्वेचा दवाखाना आपल्याला होता, अब्बा. कार्डावर तिघांची नावं होती. मला गोवर आला तेव्हा, अम्मीचा हात भाजला तेव्हा, आपण तिथं गेलो आणि कोणी आपल्याला परत पाठवलं नाही. फक्त तुमचे कान त्या दवाखान्याचा उंबरा कधी ओलांडून गेले नाहीत. मी सातवीची फायनल पास झाले तेव्हा तुम्ही मला शाईचं पेन आणलंत. टोपण काढून ते कानाशी धरलंत, टिचकी मारलीत आणि म्हणालात, "बोलत तर न्हाई. लिवतंय का बग." त्याच हिवाळ्यात छातीच्या दुखण्यानं तुम्ही गेलात. ते पेन अजून लिहितं. हे त्यानंच लिहिते आहे.

आता शाळेचं सांगते. तालुक्याहून शाळा तपासणीचे डॉक्टर वर्षातून एकदा येतात. ते यायच्या आधी प्रत्येक मुलाचं आरोग्य कार्ड वर्गाच्या शिक्षकानं भरून ठेवायचं असतं: उंची, वजन, दात, डोळे, कान, बोलणे, आणि सगळ्यांत खाली वर्तणूक. कान किंवा बोलणे या रकान्यांत काही उणं लिहिलेलं असेल तर डॉक्टर ते मूल वेगळं काढून नीट तपासतात आणि पुण्याच्या सरकारी दवाखान्याची चिठ्ठी देतात. त्या चिठ्ठीवर तिथली तपासणी, औषध, बोलायला शिकवणं, सगळं विनामूल्य होतं. चिठ्ठी नसेल तर ज्याचं त्यानं पाहायचं, आणि इथल्या माणसांनी पाहायचं म्हणजे लसूण घालून कढवलेलं तेल कानात सोडायचं. गेल्या वर्षी हेडमास्तर दुपारी वर आले आणि म्हणाले, "बाई, डॉक्टर उद्या येतायत. कार्डं आज पुरी करा." मी पुरी केली. वर एकदा ‘ठीक’ लिहून खाली खुणा करत जायची काही शिक्षकांची रीत आहे, ती मला आवडत नाही. मी प्रत्येक कार्डावर वेगळं, वळणदार ‘ठीक’ लिहिलं. कान ठीक. बोलणे ठीक. एकाही मुलाच्या मागे उभी राहून मी हाक मारून पाहिली नाही. अक्षराची काळजी घेतली आणि मला वाटलं, काम चोख केलं.

त्यात एका मुलीचं कार्ड होतं. पहिल्या रांगेत बसणारी, परकर नेहमी एका बाजूनं ओढलेला, डोळे माझ्या तोंडावर खिळलेले. तिची आई तिला माझ्या वर्गात सोडायला आली तेव्हाच मला म्हणाली होती, "बाई, येक सांगून ठिवते. पोर ऐकत न्हाई वो. लई हाका माराव्या लागत्यात. दोन द्या खुशाल, माजी ना न्हाई." मी मान हलवली. आणि कार्ड भरताना, आईचं सांगणं वाया जाऊ नये म्हणून, प्रामाणिकपणे, वर्तणुकीच्या रकान्यात लिहिलं: सांगितलेले ऐकत नाही. वर कानाच्या रकान्यात: ठीक. डॉक्टरांना एका सकाळी सगळी शाळा पाहायची होती. ते कानाचा रकाना बघत पुढे गेले. खालची वर्तणूक हे त्यांचं काम नव्हतं.

अब्बा, मी तुमच्या घरात वाढले. जगात दुसऱ्या कुणाला नाही तरी मला ते वाक्य कळायला हवं होतं.

कळलं ते दिवाळीच्या सुट्टीनंतर. त्या मुलीच्या शेजारी बसणारी पोर बाजारचा दिवस म्हणून आजोबांबरोबर तळेगावला गेली होती. मी हजेरी घेत होते. या मुलीचं नाव घेतलं, उत्तर नाही. समोरच बसलेली, पण मी हजेरीपटात खाली बघून नाव वाचत होते, माझं तोंड तिला दिसत नव्हतं. पुन्हा घेतलं. मागून एक पोर ओरडली, "बाई, ती आज ‘हजर’ न्हाईच म्हननार! तिला रोज शेजारची परकर वढून सांगती!" सगळी हसली. मी मान वर केली तेव्हा ती मागं वळून पोरांचं हसणं बघत होती, पाठ माझ्याकडे. मी हाक मारली. ओरडले. मला राग आला, माझ्या वर्गात रोज खोटी हजेरी लागत होती याचा. आणि रागानं मी पाय आपटला, फळीवर, जोरात. ती तत्काळ वळली. हसून. जणू पहिल्याच हाकेला वळली.

मी तिथंच खुर्चीत बसले. अम्मीचा पाय, खाटेचा पाय, तुमचं वळणं, तुमचं हसणं, सगळं एकदम समोर उभं राहिलं. खालून तलाठ्यांचा आवाज आला, "बाई! निदान तुमी तरी आपटू नका!" मधल्या सुट्टीत तिला जवळ घेऊन पाहिलं. उजवा कान वाहत होता, डाव्यात कापसाचा जुना बोळा होता. मी तिच्या मागे जाऊन तिचं नाव घेतलं, हळू, मग नेहमीच्या आवाजात, मग मोठ्यानं. मोठ्यानं घेतलं तेव्हा तिनं थोडी मान हलवली. ती मोजके शब्द बोलायची आणि तेही अर्धे. शाळेला ‘आळा’, हजरला ‘अजर’. मी ते लहानपणाचं बोबडं समजत होते. ‘बोलणे ठीक’ हेही माझंच अक्षर.

संध्याकाळी तिच्या घरी गेले. आई कांद्याच्या वाफ्यातून आली, हात पदराला पुसत. मी म्हटलं, "तिला ऐकू येत नाही." ती म्हणाली, "म्या तुमाला पयल्या दिशी सांगितलं व्हतं की! ऐकत न्हाई म्हनून." मग हळू आवाजात म्हणाली, "आता काय उपेग बाई. घरचे म्हनत्यात, पोर मठ्ठ हाय, दोन सालं झाली, धड आपलं नाव सांगत न्हाई. होळी झाली की काडायची न् शेरडांमागं धाडायची. तितं काय बोलायचं नसतं." मुलगी आमच्या दोघींच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत होती. मी म्हटलं, "चिठ्ठी मिळाली तर पुण्याला कान बघतील. पैसे पडणार नाहीत." आई म्हणाली, "चिठ्ठी आना, मंग मी बगते घरच्यांकडं. बिनचिठ्ठीचं माजं कोन ऐकतंय?" आणि स्वतःच हसली, "माजं बी कोन ऐकत न्हाई बगा."

दुसऱ्या दिवशी मी हेडमास्तरांपुढे उभी राहिले. ते चांगले गृहस्थ आहेत, पण कागदाला भितात; मीही भिते, म्हणून आमचं जमतं. ते म्हणाले, "बाई, डॉक्टर येऊन गेले. आता पुढच्या वर्षी."

"पुढच्या वर्षी ती शाळेत नसेल."

"मग कार्डात दुरुस्ती हवी. ‘ठीक’ असलेलं कार्ड मी वर कसं पाठवू? दुरुस्ती म्हणजे चूक झाली. चूक कोणाची, ते विचारतील."

"माझी."

"लेखी द्याल?" त्यांनी चष्मा काढला. "तुम्ही अजून कायम झालेल्या नाहीत. मेमो आला तर तुमच्या कागदांत लागतो. सांगायचं म्हणून सांगतो."

अब्बा, मला रात्रीतून ताप भरला असता तर बरं, असं मनात येऊन गेलं. अम्मी माझ्या पगारावर आहे. मी म्हटलं, "लेखी देते." मग त्यांनी कार्ड पुढं सरकवलं आणि मला दाखवलं, दुरुस्ती कशी करतात. "खोडायचं नाही, खरवडायचं नाही, वर शाई सांडायची नाही. एकच सरळ रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे. वर बरोबर ते लिहा. बाजूला सही आणि तारीख." मला हसू आलं, त्यांना कळलं नाही का ते. मी तुमच्या पेनानं ‘ठीक’ वर रेघ मारली. वर लिहिलं: ऐकू येत नाही. मग खाली वर्तणुकीच्या रकान्यात ‘सांगितलेले ऐकत नाही’ वरही रेघ मारली आणि लिहिलं: चांगली. दोन्हींपुढे सही केली.

पुढच्या आठवड्यात आम्ही तिघी एसटीनं शिरूरला गेलो. मी, ती मुलगी आणि तिची आई. आई सबंध रस्ता मला विचारत होती, "सुई तर मारत न्हाईत न्हवं?" दवाखान्यात डॉक्टरांनी कार्ड हातात घेतलं, रेघांकडे पाहिलं, सह्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "हे दोन्ही तुम्हीच लिहिलंय?" मी हो म्हटलं. ते मुलीच्या मागे गेले आणि टाळी वाजवली. मुलगी समोरच्या भिंतीवरची पाल बघत राहिली. त्यांनी कानांत उजेड पाडून पाहिलं, बराच वेळ. मग चिठ्ठी लिहायला बसले आणि लिहिता लिहिता म्हणाले, "बाई, तुमच्या वर्गात ‘ऐकत नाहीत’ अशी आणखी किती पोरं आहेत?" आईला वाटलं डॉक्टर चेष्टा करतात, ती पदर तोंडाला लावून हसली. मी म्हटलं, "अजून मोजलेली नाहीत. पण आता मागे उभी राहून मोजीन." मोजली. आणखी दोन निघाली.

त्यानंतर पुण्याच्या फेऱ्या झाल्या. पहिल्या दोन मी केल्या, मग आई एकटी जाऊ लागली, आणि आता तिला कंडक्टरही ओळखतो म्हणते. उजवा कान सुकला आहे. त्यात थोडं ऐकू येतं, जवळून आणि समोरून बोललं तर बरंच. डावा गेला. मेमोही आला: यापुढे दक्षता घ्यावी. कायम व्हायचं एक वर्ष लांबलं. हेडमास्तर मला तो कागद देताना माझ्याकडे बघत नव्हते. मी त्यांना शेडमधली मूठ करून दाखवली; ते घाबरले, त्यांना वाटलं मी चिडले आहे.

मुलीला पुण्याच्या दवाखान्यातल्या एक बाई बोलायला शिकवतात, आणि महिनाभर पुरेल एवढं काम मला लिहून देतात. आम्ही दोघी शाळा सुटल्यावर इथं फळ्यांवर बसतो. शब्द अडला की मी हातानं सांगते, तुमच्या खुणांनी. चहा तिला पहिल्या दिवशी आला. साहेब आला, ही खूण तिनं हेडमास्तरांना लावली आणि आता सगळा वर्ग लावतो. ‘ह’ मात्र येईना. म आणि प ओठांवर दिसतात, ‘ह’ दिसत नाही. तो नुसता श्वास. मग मी पाटी घेतली, तीच, कोनाड्यातली. दौंडची खोली सोडताना मी ती बरोबर घेतली होती. पाटी ओठांजवळ धरून मी म्हटलं, ‘ह’. काळ्या पाटीवर वाफेचा एक पांढरट ठिपका उमटला आणि विरला. तिनं बघितलं. पाटी स्वतःच्या तोंडाशी धरून ती फुंकर मारू लागली, मग हळूहळू फुंकरीत आवाज आला. पंधरा दिवस गेले. परवा, शुक्रवारी, हजेरी घेताना मी मान वर करून तिचं नाव घेतलं. शेजारणीचा हात परकराकडे गेला, तिनं तो झटकला, आणि म्हणाली, "हजर." ‘ह’ जरा जास्तच झाला. खाली तलाठ्यांनाही ऐकू गेला असेल. होळी होऊन गेली आहे, अब्बा, आणि शेरडांमागं कुणी दुसरं जातं.

आता ती जुनी नोंद. मी वर लिहिलं आहे, तुम्ही म्हणालात, "लिही, येते." इतकी वर्षं मी ते असंच सांगत आले, अम्मीलाही आणि स्वतःलाही. आज लिहून झाल्यावर ती ओळ पुन्हा वाचली आणि ती माझी मलाच खोटी दिसली. तुम्ही ‘येते’ म्हणालाच नसतात. तुम्ही जन्मभर ‘येतं’ म्हणायचात, तेही निम्मं गिळून. ‘येते’ हा शाळेतला शब्द, माझा.

झालं असं. मी तुमच्याकडे तोंड करून प्रश्न वाचला. तुम्ही माझ्या ओठांवरून कागदाकडे पाहिलंत. मग म्हणालात, "आता हितं काय लिवायचं गं? तूच सांग. शिकलेली तू हायेस." तुम्ही खरंच विचारत होतात. समोर कोनाड्यात ती पाटी होती. फाटक, झोपडी, कोसांवर लांबची शाळा, मला एवढंच दिसलं. तुमचे कान दिसले नाहीत. मी लिहिलं आणि मग तुम्हाला वाचून दाखवलं, येते. तुम्ही हसला नाहीत. मूठ आवळून छातीशी नेलीत, आणि अंगठा उठवलात.

वरच्या त्या ओळीवर मी आत्ता एक रेघ मारली आहे, खालचं वाचता येईल अशी. बाजूला सही केली आहे. हे पत्र कार्डांच्या गठ्ठ्याखाली कपाटात ठेवीन. त्याला दुसरी जागा नाही. एवढंच राहिलं: विचारल्यावर तुम्ही पुढं काही बोलणार होतात. ओठ उघडत होते, मी पाहिलं. तुमच्या तोंडून ‘न्हाई’ निघायच्या आत मी लिहून टाकलं.